आईची तबकडी

आमच्या घरात भुताला प्रवेश नव्हता. देवालाही नव्हता, पण देवाबद्दल अण्णा निदान शांतपणे बोलत. भुताचं नाव काढलं की ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवत आणि विचारत, "पुरावा काय?" अण्णा म्हणजे माझे वडील, कंपनीत टर्नर. तिथे एखादा भाग बरोबर झाला की नाही हे मोजून ठरतं, आणि जगातली बाकीची प्रत्येक गोष्टही तशीच मोजता येते अशी त्यांची श्रद्धा होती. श्रद्धा हा शब्द त्यांना आवडला नसता. भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्यापुढे रविवारी मेणबत्ती आणि वंदना, एवढाच आमच्या घरातला विधी. दीक्षा घेताना केलेल्या प्रतिज्ञा त्यांनी मला तोंडपाठ करायला लावल्या होत्या, त्याही अर्थासकट.

आई मात्र नगरकडच्या एका लहान गावातून आली होती. मी तापाने फणफणले की ती मुठीत मीठमोहऱ्या घ्यायची आणि मग दाराकडे बघायची. एकदा अण्णांनी पाहिलं. ते ओरडले नाहीत. "आपण हे सोडलंय ना गं?" एवढंच म्हणाले. आईने मूठ उघडली, मोहऱ्या मिसळणाच्या डब्यात परत टाकल्या, मीठ भाजीत टाकलं. ती भाजी खारट झाली आणि आम्ही कोणी काही न बोलता खाल्ली. अण्णा चांगले होते, माझ्या नातवंडांनो, सुमेध आणि मैत्री, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे ते तुम्हाला हट्टी वाटतील. गल्लीतल्या इतर बायका नवऱ्याच्या हाताला भीत. माझी आई भीत होती ती फक्त त्या एका प्रश्नाला.

आम्ही काळेवाडीत गोदाबाईंच्या इमारतीत दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. गोदाबाई तिथल्या मूळच्या. जिथे त्यांचा कांदा होत असे तिथेच त्यांच्या मुलांनी ओळीने खोल्या बांधल्या होत्या, आणि म्हातारी अजून आमच्या दारासमोरच्या जागेला 'खालचं वावर' म्हणायची. दिवसाचे तुकडे कंपनीच्या भोंग्यांनी पडलेले. पलीकडच्या शेडमध्ये पत्रा दाबायचा प्रेस चालायचा, त्याचा धप् धप् आवाज इतका सवयीचा की तो थांबला तरच आम्ही दचकायचो. वारा फिरला की औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास यायचा आणि आई पटकन सुकटीच्या तव्यावर झाकण टाकायची, जणू त्या वासाने आमची सुकट बिघडणार होती. भाकरी, सुकटीची चटणी, वाटीभर आमटी. गरम भाकरीचा पापुद्रा आई माझ्यासाठी काढून ठेवायची. मी चिंचवडला इंग्रजी शाळेत जायची, हा अण्णांचा मोठा खर्च आणि मोठा अभिमान. संध्याकाळी मी इंग्रजी धडे मोठ्याने वाचायची, आई भाकऱ्या थापत ऐकायची, आणि मध्येच म्हणायची, "एवढं फुसफुस करून बोलतात, थंडी वाजते का त्यांना?"

तर अशा घरात आईला ते दिसलं.

दिवस मावळताना ती गच्चीवरून वाळत घातलेल्या कुरडया आणायला गेली होती. खाली आली ती रिकाम्या हाताने. "सुजे, वर काहीतरी चमकलं," ती म्हणाली. "वीज म्हणावी तर ढग नाही. आणि सरळ नव्हतं, वाकडं होतं. कोयत्याच्या पात्यासारखं." मी वर जाऊन पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, कुरडया तशाच पडल्या होत्या. अण्णा म्हणाले, लोहगावला विमानं उतरतात, त्यातलं एखादं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसलं. मग तिसऱ्या दिवशीही. आता अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, पण चेहरा वेगळाच. "कुठल्या दिशेला? आवाज येतो का? रंग कसला?" आई सांगत गेली. पांढरा, जरा निळसर. आवाज नाही. कधी चाकणच्या बाजूला, कधी तळेगावच्या. तिच्याकडे इतकं लक्षपूर्वक बघताना मी अण्णांना त्याआधी पाहिलं नव्हतं. आईनेही पाहिलं नसावं. बोलताना तिने पदर नीट केला.

शाळेच्या वाचनालयात परदेशी मासिकांचा एक गठ्ठा असायचा. त्यात असल्याच चमकणाऱ्या वस्तूंवर लेख होता, चित्रांसकट. मी तो घरी आणून वाचून दाखवला.

"सॉसर म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं.

"बशी."

"उडती बशी?" आई हसायला लागली. "आणि कप कुठे राहिला?"

"बशी नको," अण्णा म्हणाले. "उडती तबकडी म्हण. शास्त्राचा विषय आहे, शब्द जरा शोभला पाहिजे."

मी सबंध लेख वाचला. दुसऱ्या ग्रहावरचे लोक आपल्यापेक्षा पुढारलेले असतील, ते लांबून आपलं निरीक्षण करत असतील, वगैरे. अण्णा मान डोलवत होते. शेवटी त्यांनी आईला विचारलं, "तू कोयता म्हणालीस. पण तबकडीची नुसती कड उजळली तर ती तशीच दिसेल की नाही?" आईने जरा विचार केला. "हो," ती म्हणाली, "कडच असेल ती." त्या संध्याकाळनंतर कोयता गेला. तिने पुन्हा कधी कोयता म्हटलं नाही.

आता या वयात मला वाटतं, आमच्या घरात परग्रहावरच्या माणसाइतकं सहज दुसरं कोणी आत येऊच शकलं नसतं. भुताला दारातच पुरावा मागितला असता. देवीला तर गल्लीच्या तोंडावरून परत पाठवलं असतं. पण हा पाहुणा विज्ञानाचं नाव घेऊन आला, इंग्रजी मासिकातून आला, त्याला चप्पल काढायलाही कोणी सांगितलं नाही. अण्णांनी आयुष्यात इतकी दारं लावून घेतली होती, आणि योग्य कारणासाठी लावली होती, की नवल वाटण्याची त्यांची भूक कुठेतरी साठून राहिली असणार. ज्यांना आपण अडाणी म्हणतो तेच असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतात, हे खरं नाही. आमच्या निगडीच्या सोसायटीत सध्या रात्री दिसणाऱ्या ड्रोनच्या दिव्यांवरून जे चाललंय, त्यात सगळ्यात पुढे दोन इंजिनियर आहेत. चाकणकडच्या गावांत पोरं काठ्या घेऊन गस्त घालतात, त्यांना निदान ड्रोनने टेहळणी करणाऱ्या चोराची भीती आहे. आमच्या इंजिनियरांना ते चोर नसावेत अशी आशा आहे.

बातमी इमारतभर झाली. गोदाबाई जिन्यातच बसून म्हणाल्या, "पोरी, ह्ये बाहेरचं हाय. आमी ल्हान व्हतो तवा नदीच्या कडंनं असंच दिसायचं. नारळ उतरून टाक."

"आजी, हे बाहेरचंच आहे," अण्णा वरून म्हणाले. "पण फार बाहेरचं. पृथ्वीच्या बाहेरचं."

"मंग मी काय येगळं बोलले?" गोदाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

शेजारच्या सावंतकाकू सिंधुदुर्गाकडच्या. त्यांचे यजमान आणि अण्णा एकाच शिफ्टला. त्या पहिल्या दोन संध्याकाळी गच्चीवर येऊन नुसत्याच आभाळाकडे बघत राहिल्या. तिसऱ्या संध्याकाळी आईने हात केला मात्र, त्या किंचाळल्या, "दिसला! माका दिसला गो! निळा निळा!" त्यानंतर जणू बांध फुटला. खालच्या मजल्यावरच्यांना दिसलं, पलीकडच्या चाळीतल्यांना दिसलं. तबकडी चाकणजवळच्या माळावर उतरते हेही कोणीतरी ठरवून टाकलं. सुटीच्या दिवशी पाहुणे यायला लागले. आई मोठ्या पातेल्यात चहा ठेवायची. आयुष्यात पहिल्यांदा पुरुषमाणसं तिला विचारत होती, "वहिनी, आज कुठल्या अंगाला?"

मी मात्र त्या दिवसांत बेचैन होते, आणि का ते मला कळत नव्हतं. आई तांदूळ निवडायला बसली की फार वेळ लावायची. चिमटीत काहीतरी पकडून ताटाबाहेर टाकायची, पण खाली फरशीवर काही पडलेलं नसायचं. एकदा मी ताट ओढून घेतलं. तांदूळ स्वच्छ होते. "खडे कुठे आहेत, आई?" ती म्हणाली, "अगं, बारीक काळं आहे. हलतंय बघ. सोंडे झाले असतील." मी पुन्हा पाहिलं. काहीच हलत नव्हतं. धुतलेली ताटं ती पुन्हा धुवायची. सावंतकाकांना चहा देताना तिने पेला पाटाच्या कडेला ठेवला आणि तो अर्धा बाहेर राहून कलंडला. सगळे हसले, "वहिनींचं लक्ष आभाळात!" तीही हसली. पण भिजलेला पाट पुसताना ती डावा डोळा मिटून उजव्याने बघत होती, मग उजवा मिटून डाव्याने. मी बघतेय हे लक्षात येताच ती थांबली.

मग ती संध्याकाळ. गच्चीवर उभं राहायला जागा नव्हती. कठड्यावर मुलं, मध्ये बायका, अण्णा हातात होकायंत्र घेऊन. वारा सुटला आणि खालच्या वावरातली धूळ एकदम वर आली. सगळ्यांनी तोंडं झाकली. आईने पदर दुमडून चेहऱ्यावर घेतला, दोन्ही डोळ्यांवर घट्ट दाबून धरला. मी तिच्याशेजारी उभी होते. धूळ खाली बसत होती, लोक डोळे चोळत वर बघायला लागले होते, आणि आईने चेहऱ्यावरचा पदर न काढता डावा हात वर केला.

"ते बघा," ती म्हणाली. "गेलं."

"गेली! गेली!" सगळी गच्ची म्हणाली. सावंतकाकूंनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी होकायंत्रावरून दिशा मोठ्याने वाचली.

पदर अजून तिच्या डोळ्यांवर होता. त्या क्षणी मला मागचं सगळं आठवलं. कधी चाकणकडे, कधी तळेगावकडे. ती कुठेही तोंड करून उभी असली तरी तो प्रकाश नेहमी तिच्या डाव्या हाताला होता.

खाली आल्यावर ती पीठ मळायला बसली. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "आई, तुला डोळे मिटून दिसतं?"

ती मळत राहिली. मान वर न करता म्हणाली, "हळू बोल."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. डोळा फिरवला की चमकतं. अंधारात जास्त."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मलाच दिसतं, दुसऱ्या कोणाला दिसत नाही, असं सांगू? आणि तुझे अण्णा पुरावा मागतील तो कुठून आणू?" तिने पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले. "आमच्या मामीला असंच काहीबाही दिसायचं. तिला खोलीत कोंडून मिरच्यांची धुरी दिली होती. मी बाहेर उभी राहून खोकत होते, आत तिचं काय झालं असेल? आणि मग सावंतीणबाईंना दिसलं. तेव्हा मला इतकं बरं वाटलं, सुजे. म्हटलं, मला काही झालेलं नाही. आहे, वर खरंच काहीतरी आहे."

"आणि ते काळं?"

"ते वाढलंय," ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, जसं डब्यातलं तेल संपल्याचं सांगावं तसं म्हणाली, "दोन दिवस झाले, खालून पडदा वर येतोय. डाव्या डोळ्यात. तुझं तोंड दिसतं, पाय दिसत नाहीत."

मी तशीच उठून अण्णांकडे गेले. मला वाटलं होतं, ते लगेच उठतील. ते म्हणाले, "पण बाकीच्यांनी पाहिलं ना? एवढ्या सगळ्या माणसांना एकाच वेळी भास होतो का?" मी पदराचं सांगितलं. ते म्हणाले, पदर पातळ असतो. उद्या त्यांच्या खात्यातले एक साहेब दुर्बीण घेऊन येणार होते. "उद्याचा दिवस बघू. मग दाखवू डोळे." मी रडकुंडीला आले. आई दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती आमच्याकडे यायला निघाली आणि चौकटीला डावा खांदा इतक्या जोरात आदळला की वरच्या फळीवरचा पितळी तांब्या खाली आला. ती तिथेच खाली बसली. "अहो," ती म्हणाली, "चौकट दिसलीच नाही हो."

अण्णा तिच्याजवळ गेले, समोर उकिडवे बसले. तिच्या डाव्या बाजूला हात नेऊन त्यांनी बोटं हलवली. ती सरळ पुढे बघत होती. त्यांनी हात आणखी जवळ नेला. मग तो हात त्यांनी स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवला.

सकाळी उजाडताच आम्ही पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, रात्रभर जागलेले दिसत होते. आईच्या डोळ्यात बारीक दिव्याने बराच वेळ बघून ते म्हणाले, आतला पडदा फाटून सुटत आलाय. आत ताण पडला की तसा प्रकाश दिसतो, ती खूण असते. "सुरुवात कधी झाली? तेव्हाच का नाही आणलंत?" तबकडीचं अण्णांनी सांगितलं नाही. मीही नाही. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यालाही एक भोक पडू पाहतंय, ते आज बंद करता येईल. डाव्याचं ऑपरेशन करू, पण वचन देत नाही.

ऑपरेशननंतर तिला उताणं झोपवलं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून कानांशी वाळूच्या पिशव्या. शिंकायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही. मी चमच्याने पेज भरवायची. अण्णा रजा टाकून पायाशी बसून असायचे, वर्तमानपत्र आणायचे पण उघडायचे नाहीत. त्या दिवसांत मी रोज मनात एकच हिशेब मांडायची, उजवाही गेला तर काय. शाळा सुटेल हे नक्की. पण ती मला पुन्हा बघणार नाही, हे मी शब्दांत आणूच शकत नव्हते. ती स्वतः काही विचारत नसे. फक्त कोणी जवळ आलं की नाकाने वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करायची.

सावंतकाकू भेटायला आल्या, घावणे घेऊन. त्यांना सगळं कळलं होतं. पलंगाशी बराच वेळ उभ्या राहून त्या म्हणाल्या, "म्हणजे ता तुमच्या डोळ्यात होता? मग माका काय दिसला? मियां माझ्या डोळ्यांनी बघलंय." आवाज दुखावलेला होता. आई म्हणाली, "तुम्हाला दिसलं असेल हो काकू." काकू गेल्यावर मी चिडून म्हटलं, खोटं का बोललीस. आई म्हणाली, "मी एकटी पडले असते तेव्हा ती बाई माझ्या बाजूला उभी राहिली. आता तिला एकटी पाडू?" काकूंनी शेवटपर्यंत आपलं म्हणणं सोडलं नाही. त्या खोटं बोलत होत्या असं मला तेव्हा वाटायचं, आता वाटत नाही. सगळे जिकडे हात करतात तिकडे बघताना डोळे आपल्याला एकटं ठेवत नाहीत. काहीतरी दाखवतातच.

पट्ट्या काढायच्या दिवशी अण्णांनी धुतलेला शर्ट घातला होता. आधी उजवी पट्टी निघाली. आईने पापणी उघडली, पाणी आलं, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "केस विंचरले नाहीस?" मी बोटांनीच केस मागे सारले. मग डॉक्टरांनी तो डोळा तळहाताने झाकला आणि डावी पट्टी काढली. समोर दोन बोटं धरून विचारलं, "बाई, बोटं किती?"

आई बोटं शोधत मान तिरकी करत राहिली. अण्णा डॉक्टरांच्या मागे उभे होते. त्यांचे ओठ हलले. अगदी हळू, पण मला ऐकू आलं आणि आईलाही, "दोन."

"दोन," आई म्हणाली.

अण्णांचा आवाज ऐकताच डॉक्टरांनी हात खाली घेतला होता. ते रागावले नाहीत. मागे वळून त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि पुन्हा आईला म्हणाले, "बाई, मी आता हात धरलेलाच नाही. कोणाचं ऐकू नका. तुम्हाला स्वतःला काय दिसतं?"

आईचा चेहरा अण्णांच्या आवाजाच्या दिशेला वळला, परवानगी मागत असल्यासारखा. मग म्हणाली, "वरच्या बाजूला जरा उजेड आहे. बाकी काही नाही. काहीच दिसत नाही."

डॉक्टरांनी पुन्हा तपासावं म्हणून दिवा उचलला. तेवढ्यात अण्णा पुढे आले, आईच्या डाव्या अंगाला, जिथे तिला ते दिसणार नव्हते, आणि त्यांनी तिचा हात धरला.

"ती म्हणते तसंच लिहा, साहेब," ते म्हणाले. "तिला दिसत नाही."